२५ फूट साइडवॉक आणि त्यापुढचा कोपरा

माझ्या बाळंतपणाला आई शिकागोला आली ती ऐन जानेवारीत. चौथ्याच दिवशी रात्रभर बर्फ पडला. सकाळी सातला तिनं खिडकीचा पडदा सरकवला आणि मला हाक मारली, "अगं, आपल्या दारापुढचं कुणीतरी झाडून काढलंय बघ." खरंच, आमच्या पायऱ्यांपासून फाटकापर्यंत आणि फाटकापुढच्या साइडवॉकवर, म्हणजे फुटपाथवर, स्वच्छ वाट होती, दोन्ही बाजूंना फावड्यानं कापलेल्या सरळ कडा. शेजारचे काका, वय सत्तरीच्या पुढचं, आपलं काढून झाल्यावर न विचारता आमचंही काढून गेले होते.

आईला कौतुक वाटलं, पण प्रश्नही पडला. "रस्ता सरकारचा ना? मग तो साफ करायचा यांनी का?" तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. त्याला आता नऊ हिवाळे झाले. दरम्यान आम्ही घर घेतलं, फावडी मोडली, पाठ धरली, आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर हळूहळू कळत गेलं. आपल्याकडून दरवर्षी कितीतरी मुलं-मुली अशा थंड शहरांत राहायला येतात आणि पहिल्या बर्फाला गोंधळतात. त्यांच्यासाठी ते उत्तर नीट मांडते.

आधी एक शब्दाची अडचण. मराठीत आभाळातून पडतो तोही बर्फ आणि सरबतात टाकतो तोही बर्फच. इथे मात्र दोन नावं आहेत. पडतो तो स्नो: हलका, हवा भरलेला, पिंजलेल्या कापसासारखा. घट्ट होतो तो आइस, काचेसारखा. स्नो फावड्यानं उचलता येतो. आइस एकदा फरशीला चिकटला की लोखंडी पट्टीनं खरवडावा लागतो, आणि तरी निघत नाही. साइडवॉकचे सगळे नियम, सगळी घाई आणि शेजाऱ्यांची सगळी भांडणं यासाठीच असतात, की स्नोचा आइस होण्याआधी तो तिथून निघाला पाहिजे.

आइस होतो तो बहुतेक वेळा चालण्यामुळे. पहाटे पडलेल्या स्नोवरून दहा माणसं गेली की तो पायांखाली दाबला जातो. दुपारी ऊन पडतं, वरचा थर वितळतो, पाणी त्या दाबलेल्या ठशांत साचतं आणि संध्याकाळी पारा उतरला की ठशांसकट गोठतं. दुसऱ्या दिवशी तिथे बुटांच्या आकाराचे कडक खळगे असतात. त्यावर पाऊल सपाट पडतच नाही, घोटा मुरगळतो. सकाळी आठला वीस मिनिटांत होणारं काम दुसऱ्या दिवशी दोन तासांचं होतं.

आता कायदा. साइडवॉक महापालिकेच्या हद्दीतला, सार्वजनिक रस्त्याचाच भाग. तरी शिकागोच्या महापालिका कायद्याचं कलम १०-८-१८० सांगतं की इमारतीपुढचा साइडवॉक मोकळा करायचा तो मालकानं, भाडेकरूनं, तिथे राहणाऱ्यानं किंवा त्या जागेची देखभाल ज्याच्याकडे आहे त्यानं. म्हणजे "मी तर भाड्यानं राहतो" एवढ्यानं सुटका होत नाही. भाडेकरार करतानाच हे काम कुणाचं ते विचारून लिहून घ्यावं. मोठ्या इमारतींत सोसायटी कंत्राटदार नेमते, तिथे राहणाऱ्यांना फावड्याला हात लावावा लागत नाही. दिवसा, सकाळी ७ ते संध्याकाळी ७ या वेळात पडलेला स्नो रात्री १० पर्यंत निघाला पाहिजे, आणि रात्री पडलेला सकाळी १० पर्यंत. शनिवार-रविवारची सवलत नाही. वाट किमान ५ फूट रुंद हवी. काढलेला ढीग रस्त्यावर, सायकलच्या पट्ट्यात, बसथांब्यावर किंवा आगीच्या बंबासाठीच्या नळखांबावर लोटायचा नाही. दंड ५० डॉलरपासून ५०० डॉलरपर्यंत. याच कायद्यातली एक जुनी तरतूद मला फार आवडते: बर्फ इतका घट्ट बसला असेल की काढताना फरशीच फुटेल, तर त्यावर राख, वाळू किंवा लाकडाचा भुसा टाका आणि हवा निवळली की साफ करा. कोळशाच्या शेगड्या घरोघरी पेटत असतील त्या काळची भाषा आहे ती, पण सल्ला आजही तितकाच खरा.

प्रत्येक शहराचं घड्याळ वेगळं. बॉस्टनमध्ये बर्फ थांबल्यावर ३ तास मिळतात, रात्री पडला असेल तर सूर्योदयानंतर ३ तास. न्यूयॉर्कमध्ये दिवसा थांबला तर ४ तास, रात्री ९ नंतर थांबला तर दुसऱ्या दिवशी सकाळी ११ पर्यंत. मिनिॲपोलिसमध्ये राहत्या घराला २४ तास. जर्मनीत तर बहुतेक गावांत सकाळी ७ ते रात्री ८ पर्यंत वाट मोकळी ठेवायची असते, दिवसभर पडत राहिला तर दिवसभरात पुन्हा पुन्हा काढायचा. नव्या गावात गेलात की कचऱ्याच्या गाडीचा वार विचारता तसं हेही विचारून घ्या.

पण हे काम घरमालकाच्या गळ्यात का? रस्त्यावरचा बर्फ नगरपालिकेचे नांगर लावलेले ट्रक लोटतात. साइडवॉकवर तो ट्रक जात नाही. वाट अरुंद, मध्ये झाडं, दिव्याचे खांब, नळखांब, घरांच्या पायऱ्या. तिथे लहान यंत्रं लागतात, ती चालवणारी माणसं लागतात, आणि सगळ्या शहरात एकाच सकाळी लागतात. त्यापेक्षा प्रत्येकानं आपल्या दारापुढचं काढलं तर सगळं शहर एकाच वेळी मोकळं होतं, असा हिशेब. आईला हे लगेच पटलं. दारापुढे सडा घालणाऱ्या बाईला अंगणाची हद्द कुठे संपते हे कागदावर बघावं लागत नाही.

हिशेब कागदावर चोख आहे. फावडं हातात घेतलं की त्यातली खोट कळते.

शिकागोतला नेहमीचा प्लॉट २५ फूट रुंद आणि १२५ फूट लांब. म्हणजे रांगेतल्या घराच्या वाट्याला २५ फूट साइडवॉक. ५ फुटांची वाट आणि ८ इंच स्नो धरला तर सव्वादोन घनमीटरच्या आसपास बर्फ होतो. ताजा, कोरडा स्नो घनमीटरला १०० किलोच्या आत-बाहेर भरतो. म्हणजे सव्वादोनशे किलो, ५० किलोची साडेचार सिमेंटची पोती. ओला, चिकट स्नो असेल तर दुप्पट-तिप्पट. हे सगळं न्याहारीच्या आधी, उणे दहा तापमानात उचलून बाजूला टाकायचं.

आता कोपऱ्यावरचं घर घ्या. त्याला पुढचे २५ फूट आहेतच, शिवाय बाजूच्या गल्लीला लागलेले १२५. एकूण १५० फूट. सहा पट काम, तेवढ्याच वेळात, तेवढ्याच दंडाच्या धाकात. वर साइडवॉक रस्त्याला उतरतो तिथला उतार, म्हणजे रॅम्प, तोही त्याच्याच वाट्याला. आणि नेमका तिथेच ट्रकचा नांगर रस्त्यावरचा सगळा बर्फ आणून लोटतो. हा ढीग नुसता स्नो नसतो. त्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ, चिखल, गाड्यांच्या चाकाखाली पिळलेला बर्फ असतो, आणि दोन तासांत तो दगडासारखा होतो. तुम्ही सात वाजता कोपरा मोकळा केलात, नऊला ट्रक आला, पुन्हा गुडघ्याइतका बांध.

बाळ सहा आठवड्यांचं असताना आम्ही डॉक्टरकडे निघालो. बसथांबा दीड गल्लीवर. बाबागाडी मी ढकलत होते, आई बाळाची पिशवी घेऊन बरोबर. आमची रांग सगळी मोकळी होती, एका घराचं तर वाळलं होतं. कोपऱ्यावर आलो आणि थांबलो. दोन फूट उंच, करड्या रंगाचा बांध, त्यात एका माणसाच्या पायाएवढी खाच. आईनं गाडीची पुढची चाकं उचलायचा प्रयत्न केला, तिचा बूट घसरला, ती गुडघ्यावर बसली. लागलं नाही फारसं. पण मी तिला उठवत होते तेव्हा गाडी एका हातानं धरून होते, आणि पलीकडून वाहनं जात होती. शेवटी आम्ही मागे फिरून एका ड्राइव्हवेतून, म्हणजे घराच्या गाडी आत न्यायच्या वाटेतून, रस्त्यावर उतरलो आणि पुढची अर्धी गल्ली गाड्यांच्या कडेनं चाललो.

त्या दिवशी मला साइडवॉक म्हणजे काय ते कळलं. तो २५-२५ फुटांचे तुकडे जोडून झालेला नसतो. चालणाऱ्याला तो सलग लागतो. वीस घरांनी फरशी चकचकीत ठेवली आणि एकविसाव्या जागी बांध असला तर व्हीलचेअरवरच्या माणसासाठी पूर्ण गल्ली बंद असते. आमच्या पुढच्या गल्लीत एक रिकामा प्लॉट आहे, मालक कुठे राहतो कुणाला ठाऊक नाही. तिथे कित्येक हिवाळे कुणीच फावडं लावलं नाही. काठी घेऊन चालणाऱ्या एक आजी रोज तेवढ्यापुरत्या रस्त्यावर उतरायच्या. कायद्यानं चूक कुणाची ते सांगता येतं. आजींना वाट मिळत नाही.

म्हणून मी मानते की शेजारधर्माचं खरं काम आपल्या हद्दीच्या बाहेर सुरू होतं. कोपऱ्यावरच्या घराला रांगेतल्या सगळ्यांनी हात लावायला हवा, कारण तो रॅम्प रांगेतला प्रत्येक जण वापरतो. बसथांब्याचंही तेच. नळखांबाभोवती तीन फूट मोकळे ठेवायचे तेही आपल्याच घरासाठी, आग लागली तर बंबवाल्यांनी बर्फात खांब शोधत बसू नये.

इथे बरेच जण एक भीती बोलून दाखवतात, आपल्या मराठी घरांत तर हमखास: "हातच लावू नका. काढला आणि मग कुणी पडलं तर दावा आपल्यावर येतो." ही भीती अगदी निराधार नाही. जुन्या कायद्याच्या तत्त्वानुसार आभाळातून पडलेल्या बर्फाला माणूस जबाबदार नाही, पण त्यात हात घालून कुणी धोका वाढवला तर मात्र जबाबदार. त्यामुळे काही न करणारा सुरक्षित आणि करणारा अडचणीत, असं उलटं गणित व्हायचं. इलिनॉय राज्यानं १९७९ साली त्यासाठीच कायदा केला. राहत्या घरांपुढचे साइडवॉक लोकांनी साफ करावेत याला उत्तेजन देणं हे राज्याचं धोरण आहे असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे, आणि जो साफ करतो किंवा करायचा प्रयत्न करतो त्याला, जाणूनबुजून बेफिकिरी केली नसेल तर, दाव्यापासून संरक्षण दिलं आहे. शिकागोच्या महापालिका कायद्यातही स्वतःहून बर्फ काढणाऱ्याला तसंच संरक्षण आहे. शेजाऱ्याच्या दारापुढचं काढताना तुम्हाला घाबरायचं कारण नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवा. छपराच्या पन्हळीचं पाणी साइडवॉकवर येतं आणि गोठतं, तो बर्फ आभाळातून पडलेला नव्हे, तुमच्या घरानं तयार केलेला. २०१६ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की इमारतीच्या अशा दोषामुळे झालेल्या बर्फाला १९७९ च्या कायद्याचं संरक्षण मिळत नाही. तेव्हा नोव्हेंबरातच पन्हळीचं तोंड कुठे वळलंय ते बघून घ्या.

आणि हे झालं इलिनॉयपुरतं. न्यूयॉर्क शहरानं २००३ साली साइडवॉकवरच्या अपघातांची भरपाई महापालिकेकडून काढून लगतच्या मालकांवर टाकली, मालक स्वतः राहत असलेली एक ते तीन कुटुंबांची घरं तेवढी वगळून. मॅसॅच्युसेट्समध्ये नैसर्गिक बर्फाला मालक जबाबदार नाही हा जुना नियम २०१० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. तिथे आता मालकानं आपल्या जागेत वाजवी काळजी घेतली का, हे पाहतात. नातेवाइकाच्या गावचा नियम आपल्या गावाला लावू नका.

शिकागोत बर्फ हा राजकारणाचाही विषय आहे. १९७९ च्या १३-१४ जानेवारीला शहरात २० इंचांच्या आसपास बर्फ पडला, आधीचाही अंगावर होताच. रस्ते आठवडेच्या आठवडे अडकले, लोक चिडले, आणि फेब्रुवारीत पक्षांतर्गत निवडणुकीत महापौर मायकल बिलँडिक हरले. जिंकल्या जेन बर्न, शहराच्या पहिल्या महिला महापौर. तेव्हापासून इथला प्रत्येक महापौर ट्रक वेळेवर बाहेर काढतो. चालणाऱ्यांच्या वाटेसाठी मात्र अजून कुणाची खुर्ची गेलेली नाही, आणि मला वाटतं फरक तिथेच आहे.

काही शहरं हे काम स्वतः करतात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये मोठा बर्फ पडला की शहराची छोटी नांगरयंत्रं साइडवॉकवरून फिरतात. मॉन्ट्रियलमध्ये तर हे नेहमीचंच दृश्य. शिकागोत ॲक्सेस लिव्हिंग ही अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था आणि बेटर स्ट्रीट्स शिकागो यांनी हीच मागणी लावून धरली आहे. २०२३ च्या जुलैत नगरसभेनं आराखडा करायला एक कार्यगट नेमण्याचं ठरवलं. मी या मागणीच्या बाजूनं आहे. रिकामे प्लॉट, पुलाखालचे बोगदे, बसथांबे हे शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडायचे विषय नाहीत.

आता प्रत्यक्ष कामाविषयी थोडं, कारण यात जीवही जातात. अमेरिकेत १९९० ते २००६ या १७ वर्षांत बर्फ उपसताना १,६४७ माणसं गेल्याचं एका अभ्यासात मोजलं होतं, आणि ते सगळे मृत्यू हृदयाचे. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, हातानं जोर लावला की रक्तदाब चढतो, ओझं उचलताना आपण नकळत श्वास रोखतो. म्हणून उचलण्यापेक्षा ढकला. आठ इंच पडायची वाट न बघता चार इंचांवर एकदा आणि नंतर पुन्हा एकदा काढा. गावाहून आलेल्या वडिलांना "जरा हातपाय हलतील" म्हणून फावडं देऊ नका. मधुमेह, रक्तदाब आपल्या घराघरांत आहे.

मिठाविषयी फार गैरसमज आहेत. मीठ हे फावड्याच्या ऐवजी नाही, फावड्याच्या नंतर. खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठतं म्हणून मीठ बर्फ सोडवतं, पण साधं खडे मीठ उणे ९ अंशांच्या खाली जवळजवळ काम करत नाही. तिथे कॅल्शियम क्लोराइड लागतं, नाहीतर पकड यावी म्हणून सरळ वाळू टाका. पाच फुटी दहा फरश्यांना कॉफीचा एक मोठा मग मीठ पुरतं. आमच्या २५ फुटांना अर्धा मग, आणि मी पूर्वी अर्धी पिशवी ओतायचे. ते सगळं वितळून गटारातून नद्यांत जातं आणि तिथून निघत नाही. मिनेसोटाचं प्रदूषण नियंत्रण खातं सांगतं की एक चमचा मीठ ५ गॅलन, म्हणजे १९ लिटरच्या आसपास पाणी कायमचं बिघडवतं. झाडांची मुळं आणि कुत्र्यांचे पंजे वेगळेच.

आई एका सकाळी पायऱ्यांवर ओतायला पातेलंभर कढत पाणी घेऊन निघाली होती. मी दारातच अडवलं. ते पाणी क्षणभर बर्फ वितळवतं, पसरतं, आणि दहा मिनिटांत पायरीवर काच चढते.

ज्यांना जमत नाही त्यांचं काय? शिकागोत ३११ या महापालिकेच्या मदतक्रमांकावर फोन करून स्नो कोअर या शहराच्या उपक्रमाकडे नाव देता येतं. ते वृद्ध आणि अपंग रहिवाशांना स्वयंसेवक जोडून देतात. पण स्वयंसेवक मिळेलच याची खात्री नसते, बर्फ तर रात्रीत पडतो. त्यापेक्षा रांगेतल्या रांगेत ठरलेलं बरं. शेजारच्या काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात आम्ही त्यांचे २५ फूट घेतले. ते खिडकीत उभे राहून हातानं खुणा करायचे, कडा सरळ काप म्हणून.

त्या वर्षी मी आमच्या गल्लीत घरोघरी चिठ्ठ्या टाकल्या: कोपऱ्याचा रॅम्प आठवड्याला दोन घरांनी बघायचा, ट्रक जाऊन आल्यावर. चौदापैकी नऊ घरं तयार झाली. रिकाम्या प्लॉटपुढची पट्टी पलीकडच्या एका तरुणानं आपल्या यंत्रानं काढायला घेतली, पेट्रोलचे पैसेही घेत नाही. आता बर्फ थांबला की गल्लीच्या ग्रुपवर पहिला मेसेज येतो तो नेहमी एकच. कोपरा कुणी घेतलाय?